गावात पैसा आला आणि फाट्यावर श्रद्धांजलीचे फ्लेक्स वाढले, याचं काही गणित आहे का?

भीमाकाठची | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितेय, थोडं लांबेल.

माझं माहेर पुणे-सोलापूर हायवेवर, टेंभुर्णीच्या अलीकडे. गाव आत, हायवेवर फाटा. मी लहान असताना फाट्यावर एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला आणि एसटीची वाट बघत बसलेली माणसं, बास. गावात मोटरसायकली मोजून चार. मग उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला, केळी आली, रस्ता चौपदरी झाला, जमिनी गेल्या त्याचे पैसे आले, आणि आता घरटी दोन गाड्या आहेत. यात वाईट काहीच नाही, माझ्या भावाचं घर त्यातूनच उभं राहिलं, आईचं ऑपरेशन त्यातूनच झालं.

पण दर वेळी माहेरी गेलं की फाट्यावर नवा फ्लेक्स असतो. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोतला मुलगा कधी बावीसचा, कधी चोवीसचा, कधी एकोणीसचा. बहुतेक वेळा त्याच गाडीवर बसून हौसेने काढलेला फोटो. या दिवाळीत जो फ्लेक्स होता त्यातल्या मुलाला मी पहिलीत बाराखडी शिकवलीय (लग्नाआधी गावच्या शाळेत वर्षभर होते). र आणि ल मध्ये फार गोंधळ करायचा.

भावाशी बोलले तर तो म्हणाला, अगं प्रगती म्हटलं की हे चालायचंच, पुढारलेल्या देशांत पण आधी असंच झालं, मग आपोआप कमी झालं, आपलंही होईल. मला ते "आपोआप" काही गिळवेना. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते: पैसा आला की रस्त्यावर माणसं मरायची वाढतात हे खरं का? आणि आणखी पैसा आला की खरंच आपोआप कमी होतात?

रानवाट | शनिवार, रात्री ९:५८

वाचतेय. आमच्या फाट्यावरही हेच चित्र आहे. र आणि ल वाचून पुढे वाचवेना.

जुन्या वळणाचा | शनिवार, रात्री १०:२०

ताई, गणित वगैरे काही नाही. लायसन नसलेल्या पोराच्या हातात दीडशे सीसीची गाडी देणारा बाप हा पहिला गुन्हेगार. आमच्या वेळी सायकल मिळायला दहावी पास व्हावं लागायचं. आता पोरगं जेवत नाही म्हणून गाडी, कॉलेजला जात नाही म्हणून गाडी. ट्रिपल सीट, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, मोबाईल खांदा आणि कान यांच्यामध्ये. पैसा आला पण शिस्त आली नाही, एवढंच.

आकडेमोड | शनिवार, रात्री ११:४५

भीमाकाठचीताई, तुमच्या भावाने जे सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याचाच धोका आहे. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

१९४९ साली स्मीड नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने बऱ्याच देशांचे आकडे घेऊन दाखवलं की माणशी गाड्या जितक्या वाढतात तितके गाडीमागे मृत्यू कमी होत जातात. म्हणजे नवीनच गाड्या आलेल्या देशात एकेक गाडी फार जीव घेते आणि गाड्या मुरल्या की कमी घेते. पण गाडीमागे कमी म्हणजे एकूण कमी असं नाही, कारण गाड्याच कितीतरी पट होतात. मग २००५ च्या सुमारास कोपिट्स आणि क्रॉपर या दोघी अर्थतज्ज्ञांनी जागतिक बँकेच्या एका अभ्यासात लोकसंख्येमागे मृत्यू आणि दरडोई उत्पन्न असं मांडलं, तर डोंगरासारखी रेघ निघाली. उत्पन्न वाढतं तसे मृत्यू वाढतात, एका टप्प्याला माथा येतो आणि पुढे उतार लागतो.

आपल्याकडची चढण बघायची तर १९७० साली देशात रस्त्यावर साधारण साडेचौदा हजार माणसं गेली. २०१० मध्ये १ लाख ३४ हजार. २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार ४९१. मधे २०२० ला करोनात सगळं बंद होतं तेव्हा १ लाख ३१ हजारांवर आले आणि उघडल्यावर परत चढले. आणि हे पोलिसांत नोंदलेले. २०२१ साठी आपला सरकारी आकडा १ लाख ५४ हजारांच्या आसपास होता, जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज दोन लाखांच्या वर आहे.

आता राज्यं बघा, इथे चढण अगदी स्पष्ट दिसते. २०२२ मध्ये बिहारमध्ये ८,८९८ मृत्यू, म्हणजे लाखामागे सात. महाराष्ट्रात १५,२२४, लाखामागे बारा. तमिळनाडूत १७,८८४, लाखामागे तेवीस. गरीब राज्यात कमी, श्रीमंत राज्यात जास्त. बिहारमधली माणसं जास्त शिस्तीची आहेत म्हणून नाही हो, तिथे गाड्या कमी आणि मोठे रस्ते कमी म्हणून. जुन्या वळणाचा, तुम्ही म्हणता ते हेल्मेटचं बरोबरच आहे, पण शिस्तीवर सगळं ढकललं तर तमिळनाडू बिहारच्या तिप्पट बेशिस्त आहे असं म्हणावं लागेल, आणि तिथे राहिलेला कुणीच ते मान्य करणार नाही.

"आपोआप" बद्दल उद्या लिहितो, डोळे मिटायला लागलेत.

मांडवी | रविवार, सकाळी ७:३०

आकडेमोड, आयडीला जागलात! आमच्या गोव्याचं पण घ्या. दरडोई उत्पन्नात देशात सगळ्यात वरच्या राज्यांतलं, साक्षरता चांगली, अंतरं एवढीशी. २०२२ मध्ये २७१ माणसं गेली. आकडा लहान वाटतो पण लोकसंख्या जेमतेम पंधरा लाख, म्हणजे लाखामागे अठरा. आमच्याकडे बस संध्याकाळी सातनंतर गायब, त्यामुळे सोळा वर्षांच्या पोरापासून सत्तरच्या आजोबांपर्यंत सगळे दुचाकीवर. लोक म्हणतात टुरिस्ट मरतात. टुरिस्ट पण जातात, पण फुलं आणि उदबत्त्या दिसतात त्या बहुतेक वळणांवर आमचीच गावची पोरं गेलीत. तर पैसा आला की उतार लागतो हे गोव्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

दहाचाकी | रविवार, सकाळी ९:१०

मी दोन ट्रकचा मालक, आधी अकरा वर्षं स्वतः ड्रायव्हर. मला एक सांगू द्या. प्रत्येक धाग्यात ट्रकवाला दारू पिऊन चालवतो एवढंच येतं. विकास म्हणजे माल, आणि माल कोण हलवतो? ड्रायव्हरला पगार खेपेवर. १९६१ च्या कायद्यात आठ तास लिहिले होते, कुणी पाळलेले मी बघितले नाहीत. नाशिकचा कांदा भरला की मार्केट उघडायच्या आत पोचायला पाहिजे, उशीर झाला की भाव पडतो आणि भाडं कापलं जातं. मी सोळा-सोळा तास चालवलंय. पहाटे तीन ते पाच डोळे उघडे असतात पण माणूस झोपलेला असतो, हे ज्याने चालवलंय त्यालाच कळतं. एकदा डिव्हायडरला घासून जाग आली. तेव्हा बाजूला एखादी दुचाकी असती तर काय झालं असतं हा विचार मला अजून रात्री उठवतो.

आता माझ्या गाड्यांवर लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर असतात. माझा नफा कमी आहे, शेजारचा ट्रान्सपोर्टवाला मला वेडा म्हणतो. म्हणू दे.

हाडवैद्य | रविवार, दुपारी २:०५

तालुक्याच्या ठिकाणी हाडांचा डॉक्टर आहे, वीस वर्षं झाली. आकडेमोड यांनी बिहारचं लिहिलंय त्यात एक भर. बिहारात २०२२ ला साधारण १०,८०० अपघात नोंदले गेले आणि त्यात जवळपास ८,९०० मृत्यू, म्हणजे शंभर अपघातांमागे ८२. केरळात जवळपास ४४ हजार अपघात आणि ४,३१७ मृत्यू, शंभरामागे दहा. एवढा फरक का? एक म्हणजे बिहारात हातपाय मोडलेला माणूस पोलिसांकडे जातच नाही, मेला तरच नोंद होते, केरळात विम्याच्या क्लेमसाठी खरचटलेलंही नोंदवतात. पण दुसरं म्हणजे केरळात दहा-वीस मिनिटांवर बऱ्यापैकी दवाखाना आहे.

आमच्याकडे चित्र असं. पोरगं रात्री अकराला पडलं. पहिला अर्धा तास लोक व्हिडिओ काढतात किंवा पोलीस केस होईल म्हणून लांब उभे राहतात (सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलंय की मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, नाव सांगायचीही सक्ती नाही, तरी भीती जात नाही). मग कुणीतरी वडापच्या जीपमध्ये मागे आडवं टाकून आणतं, मान लोंबकळत. माझ्याकडे येईपर्यंत मांडीचं हाड मोडलेल्या पोराच्या मांडीतच लिटर-दीड लिटर रक्त साठलेलं असतं. डोक्याला मार असेल तर माझ्याकडे सीटी स्कॅन आहे पण मेंदूचा सर्जन नाही, जिल्ह्याला पाठवतो, तिथून बेड नाही म्हणून पुण्याला. गाडीत जातो बिचारा. मी त्या बापाला काय सांगू, की तुझ्या गावाला चौपदरी रस्ता दहा वर्षं आधी मिळाला आणि ट्रॉमा सेंटर अजून यायचंय?

रस्ता आला की वेग लगेच येतो. दवाखाना, रक्तपेढी, शिकलेला ॲम्ब्युलन्सवाला हे सगळं मागून पायी पायी येतं. ताई, तुमच्या भावाला हे मधलं अंतर दाखवा.

आणि हेल्मेट घाला हो. हात जोडून सांगतो. अर्ध्या टोपीसारखं नाही, पूर्ण, आणि पट्टा लावून. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं.

जुन्या वळणाचा | रविवार, दुपारी ३:३०

डॉक्टर, प्रतिसाद वाचून गप्प झालो. पण मी माझा मुद्दा सोडत नाही. घरातून सुरुवात नको का?

सायकलवाली | रविवार, संध्याकाळी ५:१५

घरातून नक्की, पण घरातून सुरू झालेलं रस्त्यावर कसं येतं त्याचं एक उदाहरण देते. मी नेदरलँड्समध्ये राहते. सगळ्यांना वाटतं हे लोक पहिल्यापासून सायकलीवर. तसं नव्हतं. युद्धानंतर इथे पैसा आला, गाड्या आल्या, शहरातले चौक पाडून रस्ते रुंद केले. १९७२ च्या आसपास या एवढ्याशा देशात वर्षाला तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मरत होती आणि १९७१ मध्ये त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. मग आया रस्त्यावर उतरल्या. आंदोलनाचं नावच "मुलांची हत्या थांबवा" असं होतं. अपघात थांबवा नाही, हत्या थांबवा. रस्ते अडवले, भर रस्त्यात मुलांना खेळायला बसवलं, खासदारांच्या दारात गेल्या. त्याच सुमारास तेलाचं संकट आलं, सरकारलाही गाड्या कमी करायला निमित्त मिळालं. आज माझी नऊ वर्षांची मुलगी एकटी सायकलने शाळेत जाते. ते त्या बायकांमुळे.

रानवाट | रविवार, संध्याकाळी ५:४०

+१. "हत्या" हा शब्द वापरायचं धाडस आपल्याकडे झालं पाहिजे. आपण "काळाचा घाला" लिहितो. काळ कसला, तिथे स्पीडब्रेकर नव्हता.

आकडेमोड | रविवार, रात्री १०:३०

सायकलवाली, फार मोलाचं लिहिलंत. आता "आपोआप" बद्दल राहिलेलं.

तो डोंगर मांडणाऱ्यांनीही कारण शोधायचा प्रयत्न केला, तर त्यात मोठा वाटा पायी चालणारे कमी मरायला लागले याचा निघतो, आणि दुसरं म्हणजे उपचार सुधारले, गाड्या मजबूत झाल्या. म्हणजे पैशाने नुसती शक्यता तयार होते. पैसा असूनही काही केलं नाही तर काय होतं ते अमेरिकेत दिसतं. जगातला सगळ्यात श्रीमंत मोठा देश, २०२१ मध्ये जवळपास ४३ हजार मृत्यू, लाखामागे तेराच्या आसपास. आपल्या सरकारी दरापेक्षा थोडा जास्तच! स्वीडनमध्ये लाखामागे दोन. दोघांकडे पैसा आहे. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठराव केला की रस्त्यावर एकही मृत्यू मान्य नाही, माणूस चुकणारच असं गृहीत धरून रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मरण नसेल. जुन्या वळणाचा, यात शिस्तीला विरोध नाही, पण शिस्त मोडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला फाशी असू नये एवढंच.

आणि अमेरिकेचीच आणखी एक गोष्ट. २००७ मध्ये तिथे ४१ हजारांवर मृत्यू होते, मंदी आली आणि २००९ मध्ये ३४ हजारांच्या खाली आले. धंदा मंदावला, ट्रक कमी, नवी पोरं कमी फिरली. म्हणजे वर्षा-दोन वर्षांच्या हिशोबात बघितलं तर श्रीमंत देशातही तेजी आली की मृत्यू वाढतात. भीमाकाठचीताई, तुमच्या फाट्यावर ज्या वर्षी उसाला भाव चांगला मिळाला त्या वर्षी फ्लेक्स वाढले का हे आठवून बघा.

ओसाकाकर | सोमवार, सकाळी ६:५०

जपानचं लिहायला हवंच. इथे पंधरा वर्षं आहे. १९५० आणि ६० च्या दशकात देश धावत सुटला होता तेव्हा वर्तमानपत्रं "वाहतूक युद्ध" असा शब्द वापरायची. १९७० मध्ये १६,७६५ मृत्यू झाले. त्याच वर्षी त्यांनी रस्ता सुरक्षेचा मूळ कायदा केला आणि दर पाच वर्षांची योजना सुरू झाली: फूटपाथ, कठडे, सिग्नल, पादचारी पूल. १९७९ पर्यंत मृत्यू निम्म्यावर, साडेआठ हजारांच्या खाली.

पण पुढचं महत्त्वाचं. ऐंशीच्या दशकात इथे पैशाचा पूर आला, गाड्या आणखी वाढल्या, आणि मृत्यू परत चढायला लागले. १९९२ ला ११ हजारांच्या वर गेले. श्रीमंत देश, शिस्तीची माणसं, तरी परत चढले! मग सीटबेल्ट, दारूवर जबर शिक्षा, गाड्यांची रचना, तातडीचे उपचार असं सगळं परत घट्ट केलं तेव्हा कुठे आज अडीच-पावणेतीन हजारांवर आलंय. तुमच्या भावाच्या "आपोआप"ला माझं उत्तर हे १९९२ साल.

दम्माम ते दापोली | सोमवार, सकाळी ८:००

सौदीत चौदा वर्षं काढली, ओसाकाकरांशी सहमत. आमच्या वेळी तिथे पैसा किती होता ते सांगायला नको, रस्ते विमानतळासारखे, गाड्या मोठ्याच्या मोठ्या, आणि २०१६ मध्ये नऊ हजारांवर मृत्यू. एवढ्याशा लोकसंख्येत. आमच्या कॅम्पमध्ये दर वर्षी एखाद्या केरळच्या किंवा बिहारच्या मुलाची पेटी घरी जायची. मग कॅमेरे वाढवले, दंड जबर केले, पाच वर्षांत आकडा जवळपास निम्मा झाला. तेलाचा पैसा आधीपण होता की.

अवांतर: सुट्टीला दापोलीला जाताना मुंबई-गोवा हायवेवर जीव मुठीत धरून जायचो. २०११ ला काम सुरू झालं ते वर्षानुवर्षं रखडलं. गणपतीत माणगावला तासन्‌तास उभं राहणं वेगळं, पण रात्री अर्धवट पुलाच्या तोंडाशी ना बोर्ड ना दिवा, ते फार वाईट.

साधीसुधी | सोमवार, दुपारी १२:४०

मी इथे फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. माझे मिस्टर एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला होते. २०१४ च्या जानेवारीत रात्री बाराला सुटून घरी येत होते. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, चाक निखळलेलं, मागे रिफ्लेक्टर नाही, दगड नाही, काही नाही. हेल्मेट होतं डोक्यात. डॉक्टर, पट्टाही लावला होता.

ट्रॉलीचा विमा नव्हता. ट्रॅक्टरचा होता पण शेतीचा म्हणून कंपनी भांडली. केस सहा वर्षं चालली. तोपर्यंत मी दागिने मोडले, थोरलीला इंग्रजी शाळेतून काढून झेडपीच्या शाळेत घातलं, सासऱ्यांनी एक एकर विकलं. त्या काळात आमच्या तालुक्यात कारखान्याचं गाळप वाढल्याच्या बातम्या यायच्या, फटाके वाजायचे. इथे सगळे विचारताहेत की पैसा वाढला की मृत्यू वाढतात का. मला एवढंच सांगायचंय की मृत्यू झाला की पैसा जातो, तो आमच्यासारख्या घरातून जातो, आणि तो कुठल्या आकड्यात धरतात मला माहीत नाही. घरातला कमावता माणूस होता हो. चौतीस वर्षांचा.

थोरली आता नर्सिंगला आहे. झेडपीच्या शाळेनेच तिला वाढवलं, त्या बाईंना मी विसरणार नाही.

भीमाकाठची | सोमवार, दुपारी १:१५

साधीसुधीताई, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. थोरलीला माझा आशीर्वाद सांगा.

हाडवैद्य | सोमवार, दुपारी १:५०

ताई, थोरलीला अपघात विभागात काम करायचं असेल तर मला इथे निरोप टाका. मी शिकवीन.

दहाचाकी | सोमवार, दुपारी २:३०

ताई, वाचून हात थरथरले. मी आणि आमच्या संघटनेतली चार पोरं दर हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या गव्हाणीवर उभे राहून ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवतो. एका ट्रॉलीला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. बैलगाड्यांच्या बैलांच्या शिंगांनाही लावतो. या वर्षी जास्त माणसं घेऊन जाईन.

खडीकरण | सोमवार, रात्री ९:००

रस्त्यांच्याच खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय, त्यामुळे कबूल करायलाच पाहिजे असं थोडं लिहितो.

राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहेत आणि २०२२ मध्ये ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. राज्य महामार्ग धरले तर साठ टक्के. म्हणजे आपण ज्याला विकास म्हणून फीत कापतो तिथेच माणसं जातात. का? कारण आपण रस्ता लांबच्या गाडीसाठी आखतो आणि तो गावाच्या अंगणातून नेतो. शेत एका बाजूला, घर एका बाजूला. भुयारी मार्ग दोन किलोमीटर पुढे. मग शेतकरी डोक्यावर वैरण घेऊन दोन किलोमीटर जाऊन दोन किलोमीटर परत येणार का? तो डिव्हायडर फोडतो. दुचाकीवाला राँग साईडने येतो. मग आपण त्याला बेशिस्त म्हणतो. जुन्या वळणाचा, मी तुमच्याच वयाचा आहे, मीही तेच म्हणायचो. एकदा माझ्याच आखलेल्या रस्त्यावर एका म्हातारीला ओलांडायला मदत केली. सोळा मिनिटं लागली. तिने मला विचारलं, साहेब हा रस्ता कुनासाठी केला? मला उत्तर देता आलं नाही.

किंमत कमी करायची वेळ आली की पहिल्यांदा काय उडतं ते सांगतो: सर्व्हिस रोड, पादचारी भुयार, दिवे, क्रॅश बॅरियर. जाडी कमी केली की वर्षात खड्डा दिसतो, हे कमी केलेलं दिसत नाही.

आणि होतं हो, आपल्याकडेही होतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती. राज्य रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) आणि सेव्हलाईफ फाउंडेशन या संस्थेने मिळून एकेक जागा तपासली, रस्त्याकडेचे उघडे काँक्रीटचे ठोकळे काढले किंवा बॅरियरने झाकले, पट्टे मारले, ॲम्ब्युलन्सची वेळ कमी केली, पोलिसांनी वेगावर नजर ठेवली. काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या खाली आले. त्या काळात रस्ता तोच, गाड्या तशाच, माणसं आपलीच. उलट समृद्धी महामार्ग बघा, सहापदरी, १२० चा वेग, आणि १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ एका बसमध्ये २५ जण जळून गेले. सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकच वेग, विसावा घ्यायला जागा तेव्हा नीट झाल्याच नव्हत्या. नवा रस्ता उघडायची घाई आणि तो सुरक्षित करायला सवड नाही, हे आपल्याकडचं दुखणं आहे.

जुन्या वळणाचा | सोमवार, रात्री ९:४०

खडीकरण, त्या म्हातारीचं वाचून माझी आई आठवली. मी शिस्त म्हणत राहीन कारण माझ्या नातवाला मी तेच सांगू शकतो. पण डिव्हायडर फोडणाऱ्याला मी यापुढे शिव्या देणार नाही.

भीमाकाठची | पुढच्या रविवारी, संध्याकाळी ७:२०

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, कारण माहेरी गेले होते. धागा सगळा भावाला वाचून दाखवला. ओसाकाकरांचं १९९२ आणि साधीसुधीताईंचं, या दोन ठिकाणी तो थांबला. मग म्हणाला, चल फाट्यावर.

शाळा सुटायच्या वेळी आम्ही दोघं वही घेऊन उभे राहिलो. साडेचार ते पाच. फोडलेल्या डिव्हायडरमधून १८७ जण ओलांडले, त्यात ९४ शाळेची मुलं, लहान मुलाला कडेवर घेतलेल्या अकरा बाया. राँग साईडने ४१ दुचाकी. जवळचं भुयार गाडीच्या काट्यावर मोजलं, १.८ किलोमीटर. तिथे पाणी साचलेलं आणि दिवा नाही. आकडेमोड, तुम्ही विचारलं होतंत ते पण बघितलं, भावाने उसाच्या बिलाच्या पावत्या काढल्या. उसाला चांगला दर मिळालेल्या दोन वर्षांत गावात गाड्या सगळ्यात जास्त आल्या, आणि फ्लेक्स कधी लागले ते आम्हाला दोघांनाही नावासकट आठवत होतं. मी ते इथे लिहीत नाही.

आता भावाला ग्रामसभेत ठराव मांडायचाय. खडीकरण, अर्ज कुणाला करायचा आणि त्यात काय लिहायचं ते सांगाल का? आम्हाला तुमची भाषा येत नाही.

खडीकरण | रविवार, रात्री ८:०५

ताई, तुम्ही मोजलंत यातच अर्धं काम झालं, आमच्याकडे अर्ज येतात ते नुसते "योग्य ती कार्यवाही व्हावी" असे. महामार्ग प्राधिकरणाच्या तुमच्या भागाच्या प्रकल्प संचालकांच्या नावाने करा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, ते जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे प्रमुख असतात, आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडा. तुमची मोजणी तारीख-वार-वेळेसकट जशीच्या तशी लिहा. पोलीस ठाण्यातून गेल्या तीन वर्षांतल्या त्या किलोमीटरमधल्या अपघातांची यादी मागा, मृत्यू आणि गंभीर जखमी वेगळे. ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघात होणारी जागा) ठरवताना तीन वर्षांचंच बघतात. मागणी दोन भागांत करा: लगेचची म्हणजे भुयारातलं पाणी, दिवे, वेग कमी करायचे रंबलर (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्या) आणि बोर्ड, शाळेच्या वेळी पोलीस. आणि नंतरची म्हणजे फाट्यावरच पादचारी भुयार किंवा पूल, सर्व्हिस रोड. एकत्र मागितलं की मोठ्या कामाचं कारण सांगून छोटंही अडवतात.

मसुदा मला निरोपात पाठवा, लाल शाईने दुरुस्त करून देतो.

सायकलवाली | रविवार, रात्री ८:३०

त्या अकरा बायांना ग्रामसभेत पुढे बसवा.

दहाचाकी | रविवार, रात्री ९:१५

टेंभुर्णीकडे माझी गाडी आठवड्यातून दोनदा येते. लाल पट्ट्यांचा एक गठ्ठा भावाकडे पोचवतो, गावातल्या ट्रॉल्यांना लावून घ्या. पैसे नकोत.

खडीकरण | रविवार, रात्री ९:२२

आणि एक राहिलं. अर्ज नुसता हातात देऊन येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक. पावसाच्या आधी द्या, एप्रिलपर्यंत.

भीमाकाठची | रविवार, रात्री ९:३०

मसुदा उद्या पाठवते, काका. शाळेतल्या मुलांच्या मोजणीचं पान भावाने स्वतः फेअर करून लिहिलंय.